दुकानातील यंत्रांची शाकारणी



पावसाळा तोंडावर आला की कौलारू घरांच्या शाकारणीची घाई सुरू होते. माणूस शिडी लावून वर चढतो, फुटकी कौले काढतो, सरकलेली नीट बसवतो, वासा किडला असेल तर बदलतो. त्या दिवशी घरभर धूळ पडते, चूल अंगणात मांडावी लागते, आणि मजुरी जाते ती निराळीच. एवढे सगळे करून घराला नवे असे काहीच मिळत नाही. कालचे घर आजही तेच! परंतु मृगाची पहिली सर आली म्हणजे ज्याने शाकारणी केली आणि ज्याने केली नाही, त्या दोघांच्या घरात काय फरक असतो ते आपणां सर्वांना ठाऊक आहे.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तीही एक शाकारणीच आहे. ती दुकानातील, पतपेढीतील, दूध संकलन केंद्रातील आणि शाळेच्या कचेरीतील यंत्रांची. तिला लहानथोर सगळे 'अपडेट' म्हणतात, आणि बहुतेकजण ती उद्यावर टाकतात.

मी काही मोठा तज्ज्ञ नव्हे. तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करीत आलो. त्याआधी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवीत होतो, म्हणून लोक अजून 'सर' म्हणतात एवढेच. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारलेच तर तो असा की, या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. ती मी पुढे सांगणार आहेच.

'नेटवर्क' हा शब्द काढला की दुकानदार हसतात. "सर, आमच्याकडं कुठलं आलंय नेटवर्क? एक संगणक हाय बिलाचा." बरे, मोजून पाहू या. बियाणे आणि खते विकणारे एखादे कृषी सेवा केंद्र घ्या. गल्ल्याशेजारी बिलाचा संगणक आहे. त्याला प्रिंटर जोडलेला आहे. अनुदानाच्या खतासाठी शेतकऱ्याचा अंगठा घेणारे ई-पॉस यंत्र आहे. मालकाच्या खिशात फोन आहे, त्यावर यूपीआयचे पैसे येतात. मुलाचा फोन आहे, कामावरच्या पोराचा फोन आहे. छताला तीन-चार कॅमेरे आहेत आणि त्यांचे चित्रण साठवणारी पेटी माळ्यावर आहे. आणि भिंतीवर, बहुधा देवाच्या तसबिरीच्या खाली, दोन शिंगांचा तो वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, लुकलुकत असतो. वरची बहुतेक यंत्रे त्याच डब्याला चिकटलेली. झाली की नाही दहा-अकरा? यालाच नेटवर्क म्हणतात. त्यातले प्रत्येक यंत्र हा एक छोटा संगणकच आहे, आणि प्रत्येकाच्या पोटात कोणीतरी माणसाने लिहिलेली सूचनांची पोथी आहे.

ही पोथी माणसाने लिहिलेली असते, म्हणूनच तिच्यात चुका असतात. विंडोजसारख्या प्रणालीत सूचनांच्या कोट्यवधी ओळी असतात. त्यातील एखाद्या ओळीत राहिलेली चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. काम सुरळीत चाललेले असते. मग केव्हातरी कोणाला तरी ते भोक सापडते. सापडणारा भला असला तर तो यंत्र करणाऱ्या कंपनीला कळवतो. भला नसला तर गप्प बसतो आणि त्या भोकातून आत शिरतो. कंपनीला कळले म्हणजे ती ठिगळ तयार करून घरोघर पाठवते. इंग्रजीत त्याला 'पॅच' म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळच. फोनवर किंवा संगणकावर 'अपडेट तयार आहे' असा निरोप येतो तो पुष्कळ वेळा नव्या रंगरंगोटीचा नसतो, या ठिगळाचा असतो. रंगरंगोटीही त्याच पिशवीतून येते, चिन्हे इकडची तिकडे होतात, आणि लोक वैतागतात. त्यांचा वैताग मला समजतो.

आता एक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते हीच या सर्व विषयाची गुरुकिल्ली आहे. कंपनी ठिगळ जाहीर करते त्याच क्षणी भोक कोठे होते हेही जाहीर होऊन जाते. जुनी पोथी आणि नवी पोथी शेजारी ठेवून, कोठे फरक पडला ते ओळीओळीने ताडून पाहणारी हुशार माणसे जगात आहेत, आणि ती सगळीच सज्जन नाहीत. म्हणजे ठिगळ येण्यापूर्वी जे भोक दोन-चार जणांना ठाऊक होते, ते ठिगळ आल्यानंतर हजारोंना ठाऊक होते. ज्याने ठिगळ लावले तो सुटला. ज्याने लावले नाही तो पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात आला! 'आजवर काही झाले नाही, मग आताच कशाला?' या म्हणण्याला अर्थ राहत नाही तो यामुळे.

याचा पडताळा साऱ्या जगाने २०१७ साली घेतला. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एका भोकाचे ठिगळ प्रसिद्ध केले. हे भोक हेरून त्यातून शिरण्याचे हत्यार अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात घडवले गेले होते, ते तेथून चोरीला गेले, आणि १४ एप्रिलला चोरांनी ते चव्हाट्यावर मांडले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड त्याच वाटेने जगभर पसरली. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागदपत्रे तिने कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना त्याचा असा फटका बसला की हजारो रोग्यांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. १४ मार्च ते १२ मे म्हणजे बरोबर ५९ दिवस. ठिगळ हाताशी असताना ५९ दिवस गेले. ज्यांनी तेवढ्या दिवसांत अर्धा तास काढला त्यांच्या संगणकात ती कीड या वाटेने शिरू शकली नाही.

पण इंग्लंड लांब राहिले. आपल्या दारातली गोष्ट सांगतो. रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे बोटीने परदेशी जातात ती बरीचशी तेथूनच. या बंदरातील एक धक्का डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवला जातो. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' नावाची दुसरी कीड सुटली आणि मर्स्कचे संगणक जगभर एकाएकी काळे पडले. त्याबरोबर आपल्या न्हावा शेव्याच्या धक्क्यावरचेही काम अडले. कोणता डबा कोणाचा, तो कोठे ठेवला आहे, कोणत्या बोटीत चढवायचा, हे सारे संगणकाला ठाऊक. आणि संगणक मुका झालेला. मालाच्या गाड्या खोळंबल्या, बोटी दुसऱ्या धक्क्यांकडे वळवाव्या लागल्या.

ही कीड आली होती युक्रेन देशातून. तिकडे कराचे हिशेब करण्याची एक प्रणाली व्यापारी लोक वापरीत. मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत ती होती. एका संगणकावर. बस्स. तेथून शिरून कीड साऱ्या जगातील कचेऱ्यांत फिरली. ती दोन पायांनी चालत असे. एक पाय म्हणजे मार्चमध्ये बुजवले गेलेले तेच जुने भोक. म्हणजे ठिगळ निघून १०५ दिवस झाले होते. दुसरा पाय अधिक घातकी. एका कच्च्या संगणकात शिरली की त्याच्या स्मरणात राहिलेले पासवर्ड ती उचलत असे, आणि ते दाखवून पक्क्या, ठिगळ लावलेल्या संगणकांतही राजरोसपणे शिरत असे. पाहा, दहा यंत्रांपैकी नऊ तुम्ही नीट राखलीत आणि दहावे माळ्यावर धूळ खात ठेवलेत, तर त्या दहाव्याच्या हातून नवांच्या किल्ल्या जातात.

मर्स्कला दहा दिवसांत चार हजार मोठे संगणक आणि पंचेचाळीस हजार लहान संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले. आणि यातली एक गंमत अशी आहे की ती आपल्याकडच्या माणसालाच नीट कळेल. कोणी कोणत्या संगणकात शिरावे याची नोंदवही कंपनीने जगभर दीडशेच्या आसपास ठिकाणी ठेवली होती. ठिकाणे दीडशे, पण सर्व एकमेकांना जोडलेली, त्यामुळे सगळ्या नोंदवह्या एकदमच पुसल्या गेल्या. वाचली फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातली. का? तर कीड सुटली तेव्हा तिथली वीज गेलेली होती! यंत्र बंद होते म्हणून वाचले. तेथील इंटरनेट मंद, तिथल्या माणसांकडे इंग्लंडचा परवाना नाही; मग एका माणसाने ती तबकडी नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसऱ्याने ती लंडनला पोचवली. एवढी बलाढ्य कंपनी, आणि तिला तारले लोडशेडिंगने. मी ही गोष्ट आमच्या तालुक्यात सांगतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. परंतु लोडशेडिंगच्या भरवशावर कोणी धंदा करू नये.

आता माझी चूक.

आमच्या भागात बियाणे-खतांचे एक दुकान आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. अण्णांची उधारीची वही पूर्वी लाल बासनात बांधलेली असे. मी त्यांना संगणकावर आणले. दोन हंगाम वही आणि संगणक दोन्ही चालले, मग वही बंद झाली. बिलाची प्रणाली करणारा मुलगा शहरात राहत असे. काही अडले की त्याला तेथूनच आमच्या संगणकात शिरता यावे म्हणून मी राउटरमध्ये एक वाट उघडून दिली. आणि त्याच सुमारास अण्णा एक दिवस रागाने फोनवर म्हणाले, "सर, दुकानात पंधरा माणसं हुभी हाईत, आन् ह्यो संगणक फिरतोय नुसता. 'बंद करू नका' म्हनतोय. ह्याचं कायतरी करा." मी गेलो आणि अपडेटच बंद करून टाकले. हंगाम संपला की चालू करू, असे म्हणालो. हंगाम संपला, दुसरा आला, तोही गेला. मी विसरलो. अण्णांना तर ते ठाऊकच नव्हते. त्यांना वाटले, सरांनी दुरुस्त केले.

२०१९ सालच्या जून महिन्यात, पेरणीच्या ऐन धांदलीत, अण्णांनी सकाळी दुकान उघडले तर पडद्यावर इंग्रजीत मजकूर. सर्व फायलींची नावे बदललेली, एकही उघडेना. सुमारे हजार डॉलर मागितले होते. नक्कल ठेवलेली वेगळी तबकडी होती, माझ्याच सल्ल्याने घेतलेली. पण ती रात्रंदिवस संगणकाला जोडलेली असे, त्यामुळे तिच्यावरच्या फायलीही तशाच कुलूपबंद. कीड नेमकी कोणत्या वाटेने आली हे मला छातीठोकपणे सांगता आले नाही. राउटरमधली वाट उघडी होती आणि संगणकाला दोन वर्षांत एकही ठिगळ लागले नव्हते. दोन्ही दारे मीच उघडी ठेवली होती.

खंडणी आम्ही दिली नाही. दिली असती तरी किल्ली मिळेलच असे नाही. प्रश्न उधारीचा होता. तीनशेच्या आसपास खातेदार, अण्णांच्या अंदाजाने नऊ लाखांच्या घरात येणे. वहिनींच्या एका छोट्या डायरीत पन्नासेक नावे निघाली. बाकीच्यांना अण्णांनी सरळ सांगायला सुरुवात केली, "बाबा, माझा हिशेब गेला. तुझ्याकडं काय हाय ते तूच सांग." मी तेव्हा रोज संध्याकाळी दुकानात जाऊन बसत असे. काय करणार? माणसे येत होती. एक म्हातारे शेतकरी आले आणि शर्टाच्या खिशातून घडी पडून जीर्ण झालेले बिल काढून म्हणाले, "हे बघा, चार हजार दोनशे. त्यातले हजार दिवाळीत दिले हुते, पर त्याचा कागुद न्हाई. तुमी सगळं धरा." अण्णांनी हजार वजा केले. असे पुष्कळ झाले. वर्षअखेर सहा लाखांच्या आसपास वसूल झाले. जे आलेच नाहीत त्यांना आपले देणे खरोखर आठवत नसेल, असे अण्णा आजही म्हणतात. मला तसे वाटत नाही. अण्णांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला दर जूनमध्ये आठवते.

यावर कोणी म्हणेल, अपडेटनेही नुकसान होते, त्याचे काय? प्रश्न खरा आहे आणि तो टाळता कामा नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने जगातील ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. आणि मघाशी सांगितलेली ती नॉटपेट्या? ती तर कर-हिशेबाच्या त्या प्रणालीच्या अपडेटमधूनच शिरली होती. कंपनीच्या वाटपाच्या यंत्रणेतच हल्लेखोरांनी विष कालवले होते. म्हणजे ठिगळात विष असू शकते. असे असता अपडेट करा हे मी कोणत्या तोंडाने सांगतो?

मी एवढेच म्हणतो की दोन्ही धोके तोलून पाहा. सदोष अपडेटची घटना घडली की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येते, कारण ती विरळ आहे. चूक बहुधा लवकर उमगते आणि दुरुस्तीही येते. क्राउडस्ट्राइकने ती सदोष फाईल दीड तासाच्या आत मागे घेतली. बंद पडलेले संगणक चालू करायला मात्र पुष्कळांना कित्येक दिवस लागले, हेही खरे. उलट, उघड्या भोकाला मागे घेणारा कोणी नसतो. म्हणून माझा रिवाज असा: फोन, राउटर आणि विंडोज यांची सुरक्षेची ठिगळे आठवड्याच्या आत. बिलाच्या प्रणालीची नवी आवृत्ती मात्र आधी नक्कल घेऊन, आणि हंगामाच्या मध्यात नाही. नक्कल घेतली की तबकडी काढून कपाटात ठेवायची. जोडून ठेवलेली नक्कल ही नक्कल नव्हे, हे मी नऊ लाखांची फी भरून शिकलो. आणि फी दुसऱ्याची.

आता हे करावयाचे केव्हा, ते पाहू. मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून आपली ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून आपल्या दृष्टीने ती बुधवारी मिळतात. आमच्या गावचा बाजार सोमवारी असतो. बुधवारी दुपारी दुकाने रिकामी असतात. तेव्हा मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, दिनदर्शिकेवर त्या बुधवारी एक खूण करा. तुमच्या बाजाराचा वार पाहून तुमचा दिवस ठरवा. त्या दिवशी संगणकाला वेळ द्या, तो मागेल तेव्हा बंद-चालू होऊ द्या. ऐन गर्दीत तो अडून बसतो, त्याचे एक कारण आपण त्याला पंधरा-पंधरा दिवस 'नंतर' म्हणून टोलवलेले असते.

संगणकाचे लोक करतात तरी. राउटरला कोणी हात लावीत नाही, आणि साऱ्या दुकानाचे बाहेरचे दार तर तोच डबा. मे २०१८ मध्ये असे उघडकीस आले की, चोपन्न देशांतील पाच लाखांच्या आसपास राउटर आणि तसलीच यंत्रे एका हल्लेखोर टोळीने आपल्या ताब्यात घेतली होती. मालकांना पत्ता नव्हता. इंटरनेट चालू, दिवे लुकलुकताहेत, मग संशय कोणाला यावा? तुमचा राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला असेल तर त्याला सरळ विचारा, 'याची अपडेट तुम्ही करता की मी करावयाची?' तो म्हणेल, 'आम्ही करतो.' मग विचारा, 'शेवटची केव्हा केली?' तेथे जरा शांतता पसरते. स्वतः विकत घेतलेला असेल तर त्याच्या पाठीवरील पत्ता फोनमध्ये घालून आत जाता येते, आणि बहुतेक नव्या राउटरांत आपोआप अपडेटची सोय असते ती चालू करता येते. तिथेच कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलून टाकावा.

या पासवर्डाचे महत्त्व कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर फारच आहे. २०१६ साली अमेरिकेतील तीन तरुणांनी 'मिराई' नावाची कीड तयार केली. तिच्यात भोके शोधण्याची हुशारीही नव्हती. कारखान्यातले नेहमीचे साठेक पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे, एवढेच ती करीत असे. तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर तिच्या हाती लागले, आणि त्यांच्याकडून एकाच वेळी मागण्यांचा भडिमार करवून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. चोर पकडण्यासाठी बसवलेला कॅमेराच चोराचा साथीदार झाला.

शिक्षक बंधु-भगिनींना एक वेगळे सांगावयाचे आहे. शाळेच्या कचेरीतला संगणक बहुधा जुना असतो, आणि पगाराची 'शालार्थ'ची देयके त्याच्यावरच भरली जातात. काही यंत्रांना ठिगळे येणेच थांबलेले असते. विंडोज ७ ला ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मुदतवाढीची सोय ठेवली गेली, पण ती मुदतवाढच. जुन्या यंत्रावर विंडोज ११ पुष्कळदा चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालता येते. केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे ती वापरीत आल्या आहेत, आणि माझ्या मते आपल्याकडच्या शाळांनीही ती धास्ती न घेता वापरून पाहावी. तेही जमत नसेल तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून नुसत्या टंकलेखनाला ठेवावा. आजारी जनावर आपण दावणीत वेगळे बांधतो ना, तसे. जुलै २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे तीनशे लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरले, तेव्हा देशाच्या देयक महामंडळाने ३१ जुलै रोजी हेच केले. त्या यंत्रणेला बाकीच्यांपासून तोडले. त्या बँकांच्या खातेदारांची गैरसोय झाली, पण लागण पुढे गेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी खात्री करून जोडणी पूर्ववत केली गेली.

चोरीची विंडोज घालून देणारेही आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत, आणि पकडले जाऊ या भीतीने ते अपडेट बंद करून ठेवतात. तुमच्या संगणकात कोणती आहे ते घालून देणाऱ्याला विचारून घ्या. आणि एक सावधगिरी: खरे अपडेट यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्ये मिळते. ते व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही. पीएम किसान, ई-चलान अशा नावांनी ज्या 'एपीके' फायली फिरतात त्या उघडू नयेत. उघडली गेली आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

अण्णांच्या दुकानात मी गेल्याच महिन्यात जाऊन आलो. माळ्यावरच्या कॅमेऱ्याच्या पेटीला अपडेट मिळत नव्हते, ती बदलली. तबकडी कपाटात, वहिनींच्या ताब्यात. नक्कल त्याच घेतात, आणि तारीख त्या जुन्या डायरीत लिहून ठेवतात. लाल बासनातली वहीही अण्णांनी पुन्हा चालू केली आहे. मी काही बोललो नाही.

तेव्हा श्रोतेहो, आज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी एक करा. भिंतीवरचा तो वाय-फायचा डबा खाली काढा, उलटा करा, आणि त्याच्या पाठीवर लिहिलेले नाव व क्रमांक एका कागदावर उतरवून घ्या. उद्या इंटरनेटवाल्याला फोन कराल तेव्हा तो पहिल्याने तेच विचारील.